तानाकाबाई आणि उपाशी गोधडी

न्यूझीलंडमध्ये तानाका शोधणं हे पुण्यात जोशी शोधण्याइतकं अवघड नाही, हे मला मान्य आहे. पण सोपंही नाही. जपानात हे आडनाव आपल्या जोशी-कुलकर्णी-पाटलांसारखं गल्लोगल्ली आहे म्हणतात, आणि आपली माणसं जशी सगळीकडे पोचली तशी त्यांचीही पोचली. मागच्या हिवाळ्यात मी इथल्या बऱ्याच तानाकांना फोन केले. एकाने मला गाडी विकायचा प्रयत्न केला. एक बाई निघाल्या सोनेरी केसांच्या आणि घाऱ्या डोळ्यांच्या, आडनाव नवऱ्याकडून मिळालेलं. सगळे सज्जन, सगळे तानाका, आणि मला हव्या होत्या त्या तानाकाबाई त्यांच्यात कुठेच नव्हत्या. बरं, त्यांचं नाव सांगून विचारावं, तर तेच मला माहीत नव्हतं.

शेजारी राहिलात, रोज जाणंयेणं होतं आणि नाव माहीत नाही म्हणजे काय, असं मला नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, तुमच्या जिन्यात समोर राहायच्या त्या काकूंचं नाव सांग बरं. तो बराच वेळ छताकडे बघत बसला. मग म्हणाला, "काकूच." मी म्हटलं, मग झालं तर.

पण मी मधूनच सुरू केलं. आई जाऊन आता वर्ष होत आलं, आणि तिचं काही सांगायला बसलं की माझं हे असं होतं. नीट पहिल्यापासून सांगते.

आम्ही तेव्हा ऑकलंडला, माउंट वेलिंग्टनमध्ये भाड्याने राहायचो. एका ओळीत एकमेकांना चिकटलेली बसकी घरं, इथे त्यांना युनिट म्हणतात. मागे सगळ्यांना मिळून एकच गवताचा तुकडा, आणि त्याच्या मधोमध कपडे वाळत घालायची ती गोल फिरणारी तारांची दांडी. आई इथल्या उन्हाळ्यात यायची आणि थंडी पडायला लागली की परत जायची. आम्ही दोघं सकाळी कामावर, लेक तेव्हा लहान, ती पाळणाघरात. आई दिवसभर घरात एकटी. टीव्हीवरचं इंग्रजी तिला कळायचं नाही आणि रस्त्यावर माणूस दिसायचं नाही. येऊन आठवडा झाला की सुरू व्हायचं, "मला आपलं परत पाठव." मी चिडायचे. म्हणायचे, एवढ्या हौसेने बोलावते आणि तुझं हे काय? मग ती गप्प बसायची, आणि तिच्या गप्प बसण्यापेक्षा भांडण बरं असं मला वाटायचं.

एक दिवस मी कामावरून लवकर आले तर घरात आई नाही. मागचं दार उघडं. बाहेर बघते तर आई गवतात उभी, एका पायात चप्पल, दुसरी हातात. इथे त्या रबरी स्लिपरला जँडल म्हणतात, माझीच जुनी निळी जँडल होती ती, आणि आई ती उगारून साळुंक्यांच्या मागे लागली होती. शेजारच्या दारापुढे बांबूच्या दोन पसरट टोपल्यांत काहीतरी लालसर, सुरकुतलेलं वाळत घातलेलं होतं. शेजारीण कुठे बाहेर गेली होती. आणि आमच्या मातोश्री दुपारपासून राखण करत होत्या.

"अगं, इथे पण साळुंक्या आहेत," आई म्हणाली. "आणि तितक्याच चोरट्या आहेत." इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज आपल्या घरातल्यासारखा लागला.

तेवढ्यात शेजारीण आली. आईच्याच वयाची, बुटकी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. टोपल्या बघितल्या, आईच्या हातातली जँडल बघितली, आणि सगळं तिच्या लक्षात आलं. ती कमरेत वाकली. आई गडबडली, तिने जँडल खाली टाकून नमस्कार केला. ती आणखी वाकली. आईने आणखी नमस्कार केला. दोघींपैकी आधी थांबायचं कुणी, हा प्रश्न. शेवटी मीच म्हटलं, पुरे आता, पाठी धरतील. दोघींनाही ते कळलं नाही, पण थांबल्या.

पत्रांच्या पेटीवर फक्त आडनाव होतं, तानाका. त्यामुळे आईने त्याच मिनिटाला त्यांच्या तानाकाबाई करून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तानाकाबाई वाटीत ती वाळवलेली खारवलेली फळं घेऊन आल्या. आईने एक अख्खं तोंडात टाकलं आणि तिचे डोळे आपोआप मिटले. मी पाणी आणायला उठले तर तिने हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मीठ फार आहे. पण तापातून उठलेल्या माणसाला द्यावं असं आहे." आणि वाटीत लिंबाचं लोणचं घालून वाटी परत केली. वाटी रिकामी परत द्यायची नाही, हे तानाकाबाईंच्याही घरचं वळण निघालं. ती वाटी पुढे कधी थांबलीच नाही.

भाषेचं म्हणाल तर काही नव्हती. तानाकाबाईंचं इंग्रजी जेमतेम, आईचं तेवढंही नाही. आई सरळ मराठीत बोलायची, तानाकाबाई सरळ जपानीत बोलायच्या, आणि दोघी एकमेकींना मान हलवून होकार द्यायच्या. मी मध्ये पडून भाषांतर करायला गेले की दोघींचा मूड जायचा. तानाकाबाई आईला ओकासान म्हणायच्या. आईने मला विचारलं, ते काय गं? मी शोधून सांगितलं, आई. आई हसली. म्हणाली, "म्हणजे इथे येऊन पण मी आईच का? बरं आहे."

एकदा आई पोळ्या करत असताना तानाकाबाईंनी ओट्यावरच्या पिठात बोटाने आपलं आडनाव काढून दाखवलं. एक चौकोन, त्यात अधिकाची खूण. ते भाताचं शेत. शेजारी दुसरा छोटा चौकोन, त्यातून आरपार उभी रेघ. ते म्हणजे मध्ये. भातखाचराच्या मधोमध. आईचं माहेर मुळशीकडचं, ती खाचरांच्या बांधांवरच वाढलेली. तिने पिठातल्या त्या चौकोनाकडे नीट पाहिलं, म्हणाली, "असंच दिसायचं आमच्या घरावरून." मग ते पीठ पुसलं नाही, पोळ्या दुसऱ्या बाजूला लाटल्या.

गोधडीचं काढलं ते आईने. लेकीसाठी. येताना ती बॅगेत स्वतःची आणि आजीची जुनी सुती लुगडी घेऊन आली. मला तो सगळा प्रकार बघूनच वैताग आला होता. म्हटलं, दुकानात ढीगभर ड्युवे मिळतात, या जाड जाड दुलया, तू लोणची आण की त्याऐवजी. पण तानाकाबाईंनी ती लुगडी हातात घेतली, घरी गेल्या आणि नवऱ्याचा गडद निळा सुती किमोनो घेऊन आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी तो आमच्या जमिनीवर पसरला आणि कात्री आईच्या हातात दिली. आईने कात्री परत त्यांच्याच हातात ठेवली. मग तानाकाबाईंनी तो स्वतः कापला. आई त्या वेळी त्यांच्याकडे न बघता दोरा ओवत बसली होती.

आमच्याकडे गोधडी कडेने शिवत आत येतात. धावदोरा घालत, गोल गोल, बाहेरून मध्यापर्यंत. अगदी शेवटी मध्ये तळहाताएवढी जागा उरते, तिला आई पोट म्हणायची. ते पोट बंद करायच्या आधी आत पोळीचा तुकडा नाहीतर तांदळाचे दाणे घालायचे. गोधडी उपाशी ठेवायची नाही. ती उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब कुठून देणार? आई हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगायची की लहानपणी मी रात्री गोधडीला कान लावून बघायचे. तानाकाबाईंना हे आईने कसं समजावलं देव जाणे. पोटावर हात ठेवून, घास भरवायची खूण करून. त्यांनी दोनदा "हाई हाई", म्हणजे हो हो, केलं आणि घरून मूठभर तांदूळ आणून वाटीत तयार ठेवले. आई खूश. म्हणाली, आडनावच भाताचं, यांना वेगळं काय सांगायचं.

पण सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं असं समजू नका. तानाकाबाईंचे टाके एकसारखे, तांदळाच्या दाण्यांगत. आईचे म्हणजे आईच्या चालण्यासारखे, एक लांब, एक आखूड. दोघी समोरासमोर बसून दोन बाजूंनी शिवायच्या. एके दिवशी सकाळी आईच्या लक्षात आलं की तिची कालची ओळ सरळ झालीय. तानाकाबाईंनी गोधडी घरी नेऊन आईचे टाके उसवले होते आणि पुन्हा घातले होते. त्यांच्या दृष्टीने ती मदत. आईचा पारा असा चढला की विचारू नका. दोन दिवस मागचं दार उघडलं नाही. "माझा टाका उसवतात? माझा?" मी समजूत काढायला गेले तर म्हणाली, तू गप्प बस, तुला बटण लावता येत नाही.

तिसऱ्या दिवशी तानाकाबाई दारात. गोधडी हातात, मान खाली. आईच्या देखत त्यांनी त्यांची ती सुरेख सरळ ओळ उसवली आणि सुई आईपुढे धरली. आईने पुन्हा आपली वाकडी ओळ घातली. त्यानंतर ठरलं, ज्याचा टाका त्याचा. उसवायचा नाही.

लेक तोवर चांगली बोलायला लागली होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. आई हाक मारायची, तर ही आतून ओरडायची, "व्हॉट?" आई प्रत्येक वेळी तिला जवळ बोलवून सांगायची, "हाक मारली की ओ म्हणावं बाळा. व्हॉट काय? मोठ्या माणसाने हाक मारली की ओ द्यायची." लेक मान हलवायची आणि पुढच्या हाकेला पुन्हा व्हॉट. तानाकाबाई हे बघून हसायच्या. त्यांनाही नातवंडं होती, आणि तीही तसलीच असणार.

आईच्या परतीचा दिवस आला तेव्हा गोधडीचं पोट तेवढं राहिलं होतं. एका बैठकीचं काम. तानाकाबाई तांदळाची वाटी घेऊन बसल्या होत्या. आईने सुई टोचून ठेवली आणि म्हणाली, आता नाही. पुढच्या खेपेला. मी म्हटलं, अगं पाच मिनिटांचं काम आहे, करून टाक ना. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "राहू दे गं. काही राहिलं असलं की यावंच लागतं." आणि तानाकाबाईंचा हात धरून तिने त्यांना खुणेने सांगितलं: घास मी घालीन, तोंड तुम्ही शिवायचं. तानाकाबाईंनी मान हलवली. आम्ही विमानतळावर निघालो तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला वाकून उभ्या होत्या, आमची गाडी वळेपर्यंत.

पुढची खेप झालीच नाही. आईच्या हृदयाने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नाव काढू नका. इकडे नवऱ्याला वेलिंग्टनला, ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टनला नव्हे, दूरच्या राजधानीत, नोकरी लागली, आम्ही तिथे जवळच पोरिरुआला घर घेतलं, सामान ट्रकमध्ये भरलं. तानाकाबाईंनी निघताना एवढी मोठी बरणी दिली त्या खारवलेल्या फळांची. मी पत्ता दिला, फोन नंबर दिला, भेटू म्हटलं. पुढे माझा नंबर बदलला, त्यांनीही युनिट सोडलं असं कुणीतरी सांगितलं, आणि सगळं राहून गेलं. गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वर गेली.

मागच्या हिवाळ्यात तिकडे पुण्यात आई पुन्हा हॉस्पिटलात गेली आणि घरी आली ती पलंगावरच. वहिनी फोन धरायची, आई बोलायची. एक दिवस मध्येच म्हणाली, "ती गोधडी कुठाय?"

"आहे की कपाटात."

"पोट उघडंच आहे ना अजून?"

"शिवते मी या शनिवारी."

"तू नको. तानाकाबाईंकडून शिवून घे. मी शब्द दिलाय त्यांना." थोडा दम खाल्ला आणि म्हणाली, "इतकी वर्षं उपाशी ठेवलीय मी तिला, नसत्या हट्टापायी. मला जायच्या आधी बघायचंय."

मी म्हटलं, असलं काही बोललीस तर मी फोन ठेवीन. मी घाबरले की चिडते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. फोन ठेवल्यावर मी कपाटावर चढले आणि ती पिशवी काढली. मुळशीची लुगडी, निळा किमोनो, आणि मध्ये ते उघडं तोंड, सुई तशीच टोचलेली, गंजलेली.

मग सुरू झाला तानाकांचा शोध. जुन्या युनिटच्या एजंटला फोन केला तर त्याने मला प्रायव्हसीवर व्याख्यान दिलं. जुने शेजारी सगळे पांगलेले. मग इंटरनेटवर जो तानाका दिसेल त्याला फोन. सोनेरी केसांच्या त्या बाई एका शाळेत शिकवायच्या, मनाने इतक्या चांगल्या की सासूबाईंना विचारून सांगते म्हणाल्या. सासूबाई ओसाकाला, त्या काय सांगणार? एक मुलगा निघाला युनिव्हर्सिटीत शिकणारा, त्याला जपानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. प्रत्येक फोनला मी तेच सांगायचे: मिसेस तानाका, वयस्कर, आधी माउंट वेलिंग्टनला. आणि प्रत्येक जण तेच विचारायचा, फर्स्ट नेम काय? तिकडे वहिनीचे निरोप यायला लागले होते: आज जेवल्या नाहीत, आज बोलल्या नाहीत, आज विचारत होत्या, सापडल्या का?

पोरिरुआजवळ जपानी गाड्या आणून विकणारे एक तानाका होते. त्यांना मी पहिल्यांदा केला होता फोन. हताश होऊन पुन्हा केला. त्यांनी शांतपणे विचारलं, कुठली तानाका? मी म्हटलं, सांगितलं ना, माउंट वेलिंग्टनची. ते म्हणाले, "तसं नव्हे. आमच्यात तानाका खूप. ही कोण? काय करते?"

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, आपण तरी दुसरं काय करतो? जोशी म्हटलं की आपण विचारतो, कुठले जोशी? कोपऱ्यावरचे? कुत्रा पाळलेले? मुलगी नाचणारी, ते? एवढे दिवस मी इथल्या ऑफिसातल्या बाईसारखी आडनाव आणि वय सांगत बसले होते. मी म्हटलं, डोक्याला टॉवेल बांधतात. प्लम खारवून बांबूच्या टोपल्यांत वाळवतात. अतिशय खारट करतात. टाका असा घालतात की मशीनने मान खाली घालावी.

पलीकडे ते हसायला लागले. "प्लमवाली तानाका? तिचे प्लम माझ्या घरात आहेत." ऑकलंडच्या निम्म्या जपानी घरांतून तिच्या बरण्या गेल्या होत्या म्हणे. बायकोला विचारून सांगतो म्हणाले, आणि संध्याकाळी फोन आला. त्या ख्राइस्टचर्चला मुलाकडे आहेत.

मी लगेच मुलाला फोन लावला. ऑफिसहून ट्रेनने परत आले होते, पोरिरुआ स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले होते. मी कोण हे त्याला सांगायला लागले, त्याने थांबवलं, आत काहीतरी बोलला आणि परत आला. म्हणाला, "आई विचारतेय, ओकासान बरी आहे का?" मी त्या गाडीत बसून मोठ्याने रडले. तो बिचारा तिकडून आर यू ओके, आर यू ओके करत राहिला.

शनिवारी मी आणि लेक विमानाने ख्राइस्टचर्चला गेलो. लेक आता माझ्या खांद्याच्या वर गेलीय. कडाक्याच्या थंडीत पायात जँडल घालून आली होती, त्यावरून विमानतळावरच आमचं वाजलं. गोधडी मी मांडीवर घेऊन बसले, वरच्या कप्प्यात ठेवायला जीव होईना. मुलगा न्यायला आला होता. तो बांधकामाच्या कामात, घर नव्या वस्तीत, सगळे रस्ते सारखे आणि झाडं अजून कमरेएवढी.

तानाकाबाई खूप लहान झाल्या होत्या. होत्याच बुटक्या, आता खुर्चीत त्यांचे पाय टेकत नव्हते. मला बघून उठायला लागल्या, वाकायला लागल्या, मी धावत जाऊन धरलं. लेकीच्या गालाला हात लावून बघितला. मी गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली, तसा त्यांनी आधी हात फिरवून आईची ती वाकडी ओळ शोधली. सापडल्यावर तिच्यावर बोट ठेवून मान हलवली.

पुण्यात सकाळ होती. वहिनीने आईला उशांना टेकवून बसवलं होतं, केस विंचरून दिले होते. मुलाने फोन टेबलावर उभा केला. दोघींनी एकमेकींना पाहिलं. आईने हात जोडले, ते जेमतेम छातीपर्यंत आले. तानाकाबाई खुर्चीतच वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. या वेळी मी पुरे म्हटलं नाही.

मग आई म्हणाली, "चला." कामाला बसताना म्हणायची तसं.

तांदूळ मी आणले होते. आई म्हणाली, घास मी घालणार होते, माझ्या हातून नाही तर नातीच्या हातून. लेकीने चिमूटभर तांदूळ घेतले आणि त्या पोटात घातले. तानाकाबाईंनी नवी सुई घेतली. दोरा ओवायला त्यांना फार वेळ लागला. मुलगा पुढे झाला, मी पुढे झाले, त्यांनी दोघांनाही मानेने नको म्हटलं. आई तिकडून बघत होती. शेवटी ओवला, आणि त्या शिवायला लागल्या.

टाका एक लांब पडला, एक आखूड, एक भलतीकडेच. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, चेहरा पडला, आणि सुईच्या टोकाने त्या टाका उसवायला लागल्या.

"उसवू नका म्हणावं," आई फोनमधून म्हणाली. आवाज खोल गेलेला, पण हुकूम जुनाच. "ज्याचा टाका त्याचा. आणि सांग त्यांना, आता कुठे शिवता यायला लागलंय."

मी सांगितलं. तानाकाबाई तोंडावर हात ठेवून हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि तसंच वाकडंतिकडं शिवत त्यांनी पोट बंद केलं. शेवटची गाठ मारून दोरा दातांनी तोडला. लेकीने गोधडी उचलून फोनसमोर धरली. आई बघत राहिली. मग म्हणाली, "जेवली एकदाची."

वहिनी म्हणाली, आता दमल्या असतील, ठेवूया. आई म्हणाली, थांब. आणि मला म्हणाली, "त्यांचं नाव विचार. एवढं शोधलंस, पुन्हा हरवल्या तर काय करशील?"

मी विचारलं. तानाकाबाईंनी मुलाकडे पाहिलं, मग खाली मांडीकडे, आणि नाव सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते आईने मागितलेलं होतं. आईने ते एकदा म्हणून पाहिलं. बरोबर म्हटलं. मग तानाकाबाईंनी फोनकडे हात केला आणि काहीतरी विचारलं. मुलगा म्हणाला, तिला ओकासानचं नाव हवंय.

मी सांगायला तोंड उघडलं, तर आईने बोट वर केलं आणि तिनेच सांगितलं. बाबांचं नाव नाही, आडनाव नाही, नुसतं आपलं नाव. कागदांवर मी ते कितीदा लिहिलं होतं. पण कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, बाबा गेल्यापासून, मावशी गेल्यापासून. आई, आजी, काकू, वहिनी, ओकासान. आईला नावाने हाक मारणारं माणूसच जगात उरलं नव्हतं, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तानाकाबाई ते नाव ओठांतल्या ओठांत घोळवत राहिल्या. मग खुर्चीत सरळ झाल्या, आणि माउंट वेलिंग्टनच्या त्या गवतावरून पलीकडच्या दाराशी हाक मारावी तशी त्यांनी मोठ्याने आईला नावाने हाक मारली.

"ओ," आई म्हणाली.